तिरोडीचा प्रतिहल्ला

बांगलादेशला धडा शिकवायचाच, असं मध्य प्रदेशातल्या आमच्या तिरोडीच्या टपरीवर एकमतानं ठरलं. एकमताचं कारण उघड आहे. बांगलादेश लांब आहे.

विषय संत्र्याचा. 2019 च्या सुमारास किलोमागे वीसेक टका आयातशुल्क घेणारा हा शेजारी 2023 मध्ये 88 वर गेला आणि वरुड-मोर्शीच्या आंबिया बहाराला गिऱ्हाईक मिळेना. ‘ठोकाच त्याले!’ खाणीतली पहिली पाळी आटोपून आलेले मामा गरजले.

निवृत्त गुरुजींना नेमका तेव्हाच कांदा आठवला. आपण सप्टेंबर 2019 मध्ये कांद्याची निर्यात रातोरात थांबवली, वर्षभरानं पुन्हा थांबवली, डिसेंबर 2023 मध्ये आणखी एकदा. पहिल्या खेपेला त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन सांगून गेल्या, की मी आचाऱ्याला बिनकांद्याचं रांधायला सांगितलंय. सभागृह हसलं. लासलगावचा शेतकरी हसला नसावा, पण त्याला बोलावलंच कुणी होतं?

मग 2025. एप्रिलमध्ये ढाक्यानं आपलं सूत भूमार्गावर अडवलं. मे महिन्यात दिल्लीनं त्यांच्या तयार कपड्यांना फर्मावलं : यायचं तर न्हावा शेवा किंवा कोलकाता बंदरातून या. सूत कापसाचं असतं, आणि मामांचे साडू यवतमाळला कापूस लावतात. ही माहिती मामांपर्यंत पोचू नये म्हणून चहावाल्यानं रेडिओ मोठा केला.

तेवढ्यात एका तरुण मुत्सद्द्यानं सुचवलं, आधी जवळच्या शेजाऱ्यावर सराव करू. म्हणजे महाराष्ट्रावर. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपली राजधानीच नागपूर होती, तेव्हा जुना हिशेबही निघेल. मँगनीज रोखावं, तर खाण मॉयलची आणि मॉयलचं मुख्यालय नागपुरात. पगार अडला तर? रूळ उखडावेत, तर तुमसरचा दवाखाना कसा गाठायचा? बावनथडीचं पाणी तोडावं, तर धरण दोन्ही राज्यांचं. शेवटी सुनांवर जकात बसवायचं निघालं. निम्म्या सुना तुमसर-मोहाडीकडच्या.

‘मंग रातच्याले जेवाचं का जी?’ मामांनी विचारलं. सभेत पहिल्यांदाच कुणी खर्चाचा प्रश्न काढला होता.

ठराव दुरुस्त झाला. महाराष्ट्रावरची कारवाई बेमुदत स्थगित, बांगलादेशवरची तात्काळ. एक प्रत वरुडला, एक लासलगावला पाठवू, असं गुरुजी म्हणाले. पोस्टाचे पैसे कुणी द्यायचे, यावर बैठक तहकूब झाली.