देवासच्या बुवांची शिकवणी

वाण्याची उधारी चुकती करता येते, शेजारणीची वाटी आत काहीतरी घालून परत पाठवता येते. गवयाचं देणं कसं फेडायचं, हे मात्र आपल्याकडे कुणी सांगून ठेवलेलं नाही. कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ला देवासला वारले. मी त्यांना कधी भेटलो नाही, समोर बसून ऐकलंही नाही; ऐकलं ते सगळं कॅसेटवर आणि पुढे मोबाइलवर. तरी मी त्यांचा देणेकरी आहे, आणि तोही त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या न गाण्यामुळे.

मी शाळामास्तर. आठवीच्या वर्गाला इतिहास शिकवतो, म्हणजे मुख्यतः ओरडतो. गेल्या वर्षी घसा असा बसला की उठेचना. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. हे दुखणं मास्तर, फेरीवाले आणि गवई यांना होतं म्हणे. यादीत गवई आहेत हे ऐकून जरा बरं वाटलं. पुढचं ऐकून वाटलं नाही : काही आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्याने स्वरयंत्रावर आणखी ताण येतो.

मुक्या माणसाशी लोक मोठ्याने बोलतात, हा शोध मला तेव्हा लागला. दूधवाला तर हातवारेच करायला लागला. एक लिटर दूध हाताने कसं दाखवतात, ते त्याच्याकडून शिकावं. मी पाटी घेतली. हिच्याशी वाद घालताना मी तावातावाने लिहायला लागलो की ही शांतपणे पाटी काढून घ्यायची आणि पुसून परत द्यायची. लग्न झाल्यापासून आमचे इतके छान वाद कधी झाले नव्हते.

रात्री मात्र भीती वाटायची. आवाज परत आलाच नाही तर? फळ्यावर खडूने पानिपत किती लढणार?

त्या रात्रींत मी कुमार लावत असे. त्यांची गोष्ट ऐकून होतो, पण स्वतःचं तोंड बंद झाल्यावर ती खरी कळली. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली. पोरवयातच बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा आणि भलेभले तोंडात बोटं घालायचे. मग मुंबईत देवधर मास्तरांकडे तालीम, नाव, लग्न. आणि १९४७च्या सुमारास क्षय. कोरडी हवा मिळावी म्हणून माळव्यातलं देवास गाठलं. डॉक्टरांनी गाणं बंद केलं. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतं कुठे मिळायला लागलं होतं. चोविशीतला गवई काही वर्षं अंथरुणावर, आणि घर चाललं पत्नी भानुमतीबाईंच्या शाळेतल्या नोकरीवर. (या वाक्याशी आलो की माझी मान आपोआप ताठ होते.)

पडल्यापडल्या ते ऐकत राहिले. माळव्यातल्या बायकांची गाणी, रस्त्याने जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं. बरे होऊन पुन्हा गायला बसले तेव्हा त्या जुन्या तबकड्यांमधलं कुणी गळ्यात उरलं नव्हतं. मालवती, लगनगंधार असे स्वतःचे राग आले, कबीर आला. तानेचे छोटे छोटे तुकडे, मध्ये श्वास. हे निकामी फुप्फुसामुळे की विचाराने, यावर जाणकार अजून भांडतात. माझं मत विचाराच्या बाजूने आहे. श्वास अपुरा पडला म्हणून माणूस नेमकं बोलायला लागतो असं नाही. आमच्या एका जुन्या मुख्याध्यापकांना दमा होता, आणि त्यांची भाषणं मी ऐकलेली आहेत.

त्यांच्या क्षयाशी माझ्या गाठींची तुलना करणं म्हणजे गळक्या नळाने नर्मदेशी सोयरीक सांगणं. पण मला धीर दिला तो त्या भजनांमधल्या एका जागेने. एक ओळ संपते, कुमार थांबतात, तानपुरे वाजत राहतात. गाणारा गप्प आहे आणि गाणं चालूच आहे. मी तेवढीच जागा पुन्हा पुन्हा ऐकायचो आणि मग झोप लागायची.

माझ्या मौनातून राग वगैरे काही निघाला नाही. एवढंच झालं, की आई भाजी निवडताना जे पुटपुटते ते पुटपुटणं नसून ओव्या आहेत, हे कळलं. एकेक करून त्या पाटीवर उतरवल्या. हिने त्या वाचल्या आणि पाटी पुसली नाही, वही आणून दिली.

आवाज आला, हळूहळू. आता ओरडायला बंदी आहे. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय : लहान वाक्यं बोला, मध्ये थांबा, श्वास घ्या. हेच मला देवासहून आधीच कळलं होतं, पण बाईंची फी भरून झाली होती. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून लांब ‘आ’ लावायचा, तोही हलक्या आवाजात, हा त्यातलाच एक व्यायाम.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात गाठलं. "मास्तर, गाणं शिकताय वाटतं. कुणाकडे?"

"देवासच्या एका बुवांकडे."

"अरे वा!" काका म्हणाले, आणि मग जरा विचार करून, "पण जाण्यायेण्याचं परवडतं का हो?"