निवृत्त मोबाइलची नवी नेमणूक

नवा मोबाइल घरात आला की जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात फार वेळ कुणाला छळत नाही. तो टीव्हीखालच्या खणात जातो. तिथे दोन रिमोट, लग्नाची सीडी, कशालाच न बसणारे चार्जर आणि 'असू दे, लागेल' या सदरातला बाकीचा ऐवज आधीच मुक्कामाला असतो. खणात ठेवणं हीसुद्धा समाजसेवाच आहे. 2018 साली नारेगावच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहराला कचरा टाकायला जागा मिळेना; त्या दिवसांत ज्यांनी आपला बंद मोबाइल खणात सांभाळला, त्यांचा सत्कार राहून गेला. असो. त्यापुढे जाऊन मोबाइलला कामाला लावू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन.

आधी उमेदवाराची वैद्यकीय तपासणी. बॅटरी निघत असेल तर काढून सपाट फरशीवर ठेवावी आणि बोटाने फिरवावी. भिंगरीसारखी गरगरली तर ती फुगलेली आहे. उमेदवार बाद. सुईने टोचून 'हवा काढून' पाहणारे हौशी लोक प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना दूर ठेवावं, कारण टोचलेली बॅटरी पेट घेऊ शकते. खुद्द नोकियाने 2007 साली बीएल-5सी जातीच्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या तापण्याच्या शक्यतेवरून बदलून द्यायची तयारी दाखवली होती, तेव्हा आपल्या बॅटरीबद्दल फार अभिमान नको. फुगलेली बॅटरी घंटागाडीतही टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी.

पहिली आणि सर्वांत लोकप्रिय नेमणूक म्हणजे आईला देणं. 'तुला काय, भजनं आणि व्हिडिओ कॉल, एवढंच तर लागतं,' असं म्हणून तो सुपूर्द करावा. खालच्या कोपऱ्यात टच जात नाही, आणि चार्जरची पिन डावीकडे दाबून वर पोळ्यांचा डबा ठेवला तरच चार्जिंग होतं, हे तपशील नंतर सांगावेत. 'मग हा तूच वापर ना बाळा, नवा मला दे,' असं उत्तर आल्यास पुढच्या उपायाकडे वळावं.

पुढचा उपाय खास आपल्या शहरासाठी आहे. जायकवाडीचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर. धरणाचं उद्घाटन 1976 सालचं, पोटात शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं. पण तिथून आपल्या नळापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, दिवसांत मोजतात. काही वसाहतींनी आठ-आठ, दहा-दहा दिवस मोजलेले आहेत. याच शहरात पाणचक्कीवर डोंगरातलं पाणी नळांतून येऊन दळणाचं जातं फिरवायचं. आता जात्याचा आग्रह नाही, बादली भरली तरी पुरे. 2500 मिलिमीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीबद्दल पूर्ण आदर आहे (तिच्यातून उंच माणूसही न वाकता चालत जाईल), तरीही घरी पाण्याचा एक पहारेकरी असलेला बरा.

साहित्य: बटणांचा जुना नोकिया, माइकवाला हेडफोन, स्टीलची बादली आणि टू-जीवर चालणारं सिम. जिओचं सिम या पिढीला ओळखत नाही. बादली प्लास्टिकची नको, आवाज दबतो. बऱ्याच जुन्या नोकियांत हेडफोन खोचला की आलेला फोन आपोआप उचलायची सोय असते, ती चालू करावी. नळ उघडा ठेवून खाली बादली लावावी, माइक कडीला बांधून आत सोडावा, फोन कोरड्या जागी ठेवावा. मग रात्री साडेतीनला जाग आली की अंथरुणातूनच बादलीला फोन लावायचा.

ऐकायचं काय? शांतता असेल तर कूस बदलावी. सूंऽऽ फुर्रर्र असा आवाज म्हणजे नळातली हवा. अजून वीस मिनिटं झोप आहे. ठणठण म्हणजे नळ आले. ठणठण जाऊन भरीव आवाज येऊ लागला की उठावं, आणि आवाज एकदम बुडाला तर माइकही बुडालाय, पळावं. नुसतीच मोटारीची घरघर ऐकू आली तर पाणी आलेलं आहे, पण शेजारच्यांकडे.

एक अडचण राहते. दुपारी बँकेकडून कर्ज हवंय का विचारणारा फोन येतो, तोही आपोआप उचलला जातो. पलीकडची बाई बादलीला व्याजदर समजावून सांगते. बादली नाही म्हणत नसल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करते.

हसू येत असेल तर विहिरीवर जाऊन पाहावं. शेतीची वीज रात्रीची, आणि मोटार चालू करायला अंधारात विंचू-काट्यातून जायचं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी यावर 'नॅनो गणेश' काढला: स्टार्टरपाशी मोबाइलची जोडणी, घरून फोन लावून बटण दाबलं की मोटार सुरू, आणि वीज आहे की नाही तेही घरबसल्या कळतं. 2009 साली नोकियाच्याच स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. म्हणजे बादलीच्या पहारेकऱ्याचं घराणं चांगलं आहे. तरी थ्री-फेजला स्वतः तारा जोडायला जाऊ नये. ते काम वायरमनचं, त्याचं पोट त्यावर आहे आणि आपला जीव.

शेवटी, भोंगा लावून गल्लीत फिरणारा तो मोटारसायकलवाला: 'बंद पडलेले, फुटलेले मोबाइल द्या, टब-बादली घ्या.' फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढावं, खातं काढावं, फॅक्टरी रीसेट मारावं. स्क्रीन फुटली म्हणून आतले फोटो आणि पासवर्ड फुटत नाहीत. मोबाइल चालूच होत नसेल, म्हणजे पुसताही येत नसेल, तर तो बादलीच्या मोहाने देऊ नये. मदरबोर्ड जिवंत असू शकतो आणि तो कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. पुसलेले जुने मोबाइल घरात दोन असतील तर मात्र हिशेब सोपा आहे: एक देऊन बादली घ्यावी, आणि ती स्टीलचीच मागावी. दुसऱ्या मोबाइलला लागणारच आहे.