जसे आहे, जेथे आहे

दसऱ्याला झाडाचं पान सोनं म्हणून द्यायचं आणि घेणाऱ्यानेही हसत खिशात टाकायचं, हा व्यवहार ज्या झाडाच्या जिवावर चालतो त्याचं आणि आमच्या गावाचं नाव एकच. त्यामुळे सरकारी भंगारात सोनं पाहणारा माणूस आपट्यात निघाला, यात नवल नाही. तो माझाच मेहुणा निघाला, हे मात्र नशीब. १९९५ च्या सिनेमात शाहरुखने काजोलला चालत्या गाडीत ओढून घेतलं ते आमच्याच स्टेशनात. मेहुण्याने मला या धंद्यात ओढलं ते तस्संच. फरक एवढाच की मी गाडीमागे पळत नव्हतो.

“भाऊजी, हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा! जुन्या विक्रांत युद्धनौकेचं बघा. २०१४ साली भंगारात गेली ६० कोटींना. मुंबईच्या दारूखान्यात तोडली आणि तिच्या पोलादावर मोटारसायकल निघाली!”

मोटारसायकलीवर कमावलं ते ती विकणाऱ्याने, हे मी मनातच म्हणालो. मेहुण्याशी वाद घालायला हिंमत लागते. लिलावात उतरायला तीही लागत नाही.

एका खात्याचा लॉट होता : ‘लोखंडी कपाटे, खुर्च्या, पंखे व इतर’. मेहुण्याचा जीव त्या ‘व इतर’वर जडला. इतर म्हणजे तांबं, असं त्याचं गणित. पाहणीच्या दिवशी गेलो तर कपाटांवर कपाटं रचलेली. खालचं दिसत नव्हतं आणि वरचं हलवायला मनाई होती. “लांबून बघा,” पहारेकरी म्हणाला. देवळात निदान गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत तरी जाऊ देतात.

बोली ऑनलाइन. शेवटच्या मिनिटाला कुणी आकडा वाढवला की वेळही वाढतो. पूर्वी लिलावात हातोडा पडायचा, आता बोली लावणारा पडतो. मेहुणा पहिला आला. पण जिंकणंसुद्धा ‘मंजुरीच्या अधीन’! मंजुरी आल्यावर वर १८ टक्के जीएसटी, मग टीसीएस, मग गेटपास. मुदतीत माल उचलला नाही तर जागेचं भाडं. हमाल, गॅसकटरवाला, टेम्पो, वजनकाटा... चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आणि कोंबडी रेक्झिनची. कारण ‘व इतर’ निघालं ते रेक्झिन, फोम आणि सनमायका. एका कपाटाची किल्लीच नव्हती. गॅसकटरने कापलं तर आत त्याच कपाटाच्या निर्लेखनाची फाईल.

हा धंदा परवडत नाही असं नाही. कळंबोलीच्या पोलाद बाजारात मुरलेला माणूस आधी आपला विक्रीचा भाव धरतो, त्यातून तोड, वाहतूक, कर वजा करतो, मग जे उरेल त्याच्या खाली बोली लावतो. मेहुण्याने आधी बोली लावली आणि मग गणित मांडलं. सरकारी जीप घेऊन मिरवायची त्याची दुसरी योजनाही बारगळली : १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालूच राहत नाही, त्या मोडीतच जातात.

विकणाऱ्याचं मात्र छान चाललंय. २०२१ पासूनच्या स्वच्छता मोहिमांत केंद्राने नुसत्या भंगारातून दोन हजार कोटींहून जास्त मिळवले. वर अट : ‘जसे आहे, जेथे आहे, तक्रार चालणार नाही.’ सातबाऱ्यापासून रस्त्यापर्यंत आपण सगळं याच अटीवर घेतो, फक्त इथे ती लिहून देतात, एवढा प्रामाणिकपणा. आणि भेदभावही नाही बरं! पुढच्याच स्टेशनचा, रसायनीचा हिंदुस्तान ऑरगॅनिकचा कारखाना २०१७ साली बंद करायचं ठरलं, तेव्हा रॉकेटला लागणारं रसायन बनवणारा एक प्लँट इस्रोला द्यायचा झाला. तोही ‘जसे आहे, जेथे आहे’. चंद्रावर जाणाऱ्यांना जी अट, ती आपट्याच्या मेहुण्याला का नसावी?

कपाटं अजून आमच्या अंगणात आहेत. जेथे आहे तेथेच. यंदा दसऱ्याला मेहुणा आला, हातात पान ठेवून म्हणाला, “सोनं घ्या, भाऊजी.”

मी पान उलटून पाहिलं.

“काय बघताय?”

“इतर.”