टाकलंस काय त्यात?

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ऐन उमेदीची वर्षं घालवलेला मेकॅनिक एक दिवस पगाराची स्लिप आणि गिऱ्हाइकाचं बिल शेजारी शेजारी ठेवून बघतो आणि त्याचं डोकं फिरतं. मग राजीनामा, बायपासलगत पत्र्याची शेड, मुद्रा कर्ज, दसऱ्याला पाने-जॅकची पूजा. झाला मालक! सरकारचं एवढं काही नसतं. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने कायद्यानुसार नुसती ऑनलाइन सूचना दिली की भागतं.

गाड्या बनवणाऱ्यांनी मात्र या शेडवाल्याची बरीच धास्ती घेतलेली असावी. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सहजी मिळू देत नाहीत, म्हणून स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. आमचा मेकॅनिक नाना पेठेत गेला, पार्ट शोधायला.

पण त्याची खरी गाठ पडते ती साहेबांशी. साहेबांच्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागलेला. स्कॅनर म्हणतो, तिसरा सिलिंडर मिसफायर. स्कॅनर कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही. म्हणून हा तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर चढवतो. मिसफायर तिच्यामागे सरकला तर कॉइल गेली. सरकत नाही. प्लगची अदलाबदल करतो. तरी तिसराच. मग इंजेक्टर, मग वायरिंग. शेवटी इंजेक्टरच्या कनेक्टरमधली एक पिन सैल निघते. ती घट्ट करतो, गाडी सुतासारखी चालते. दीड तास मोडला, पार्ट एकही लागला नाही.

‘पाचशे द्या, साहेब.’

‘पाचशे? टाकलंस काय त्यात?’

हेच साहेब सर्व्हिस सेंटरच्या एसीत फुकटची कॉफी पीत ‘कन्झ्युमेबल्स’ नावाच्या ओळीखालचे पैसे हूं की चूं न करता भरतात. तिथे लेबर छापील असतं, आणि छापलेल्याशी घासाघीस करायची आपल्याकडे पद्धत नाही. शेडमध्ये मात्र शोधाशोधीला किंमत नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघेल त्यालाच आहे. पाचशेचे तीनशे होतात, ‘नाहीतरी गाडी धुळीने भरलीय’ म्हणून वर पाणीही मारून घेतलं जातं. उरलेले दोनशे पुढच्या वेळी. ही पुढची वेळ गॅरेजच्या वहीत कायमची मुक्कामाला असते.

वर्षभरात मालक शहाणा होतो. आता पिन सैल निघाली तरी तो मान हलवत सांगतो, ‘कॉइल गेलीय, साहेब.’ नवी कॉइल बसते, बिल तीन हजार होतं, जुनी कॉइल पिशवीत घालून हातात दिली जाते. साहेब ती चांगली धडधाकट कॉइल वर-खाली करून बघतात आणि स्कॅन करून पैसे टाकतात. वहीला हात लावायची वेळच येत नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज पडतो : ‘बाहेरचे गॅरेजवाले फार लुटतात हो. कुणाच्या माहितीत प्रामाणिक मेकॅनिक आहे का? रेट वाजवी हवा.’