गरी आणि पंचांग

भाद्रपद लागला की शिरड शहापुरात दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, सोयाबीन काढणीला कधी येतंय या काळजीतली. दुसरी, सोयाबीन बघायला म्हणून निघून बांधावर गांडुळं उकरत बसलेली. हा दुसरा म्हणजे गरीवाला.

"कुठं चाललाव?" असं विचारलं की तो "रानात" म्हणतो. हे खोटं नाही. पाण्याची वाट रानातूनच जाते. पिशवीत तंगूस, गऱ्या, तरंगायला मोरपिसाचा देठ आणि कणकेचा गोळा. त्या कणकेत काय मिसळलंय हे तो सख्ख्या भावालाही सांगत नाही. मल्लिनाथांच्या मंदिरावरून जाताना बांबूची काठी सायकलच्या दांडीला चिकटवून धरतो. लोकांना ती छत्री वाटते, अशी त्याची समजूत आहे.

ऋतू त्यानं अचूक निवडलेला असतो. येलदरीतून सुटलेलं पूर्णेचं पाणी सिद्धेश्वर धरणात येतं, ओढे-नाले भरतात, गढूळपणा निवळतो. मरळ हवा घ्यायला वर येते आणि बुडबुडा सोडून जाते. धरणातली मासेमारी ठेक्याची, म्हणून गरीवाला धरणाला लांबूनच नमस्कार करतो आणि ओढ्याचा डोह गाठतो. तिथं सावलीत बसला की मग तो, तरंगता देठ आणि मधूनमधून येणारे सल्लागार.

"लागलं का काही?"

"लागलंच होतं. तुम्ही बोललाव अन् गेलं."

खरी अडचण मात्र पाण्यात नसून घरात आहे. पाणी मोसमात असतं तेव्हा स्वयंपाकघर सोवळ्यात असतं. श्रावण झाला की गणपती, गौरी, मग पितृपक्ष, मग नवरात्र. त्यातून सोमवार औंढ्याच्या नागनाथाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या वारांवर आईचा चातुर्मास पसरलेला, तो थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. खेकड्यांनी तर छळच मांडलाय. अंधाऱ्या रात्री खेकडा भरलेला असतो, असं जाणकार सांगतात. आणि ऐन सर्वपित्री अमावास्येला घरात खीर-वड्यांचं पान वाढलेलं असतं. आजोबा हयातीत खेकड्यांवर जीव टाकायचे, हा मुद्दा त्यानं एकदा आईपुढं मांडून पाहिला. त्या दिवशी त्याला वडेही मिळाले नाहीत.

भाचा अमेरिकेत, सिएटलकडं. तिथं याच दिवसांत सॅमन मासे समुद्रातून नदीत शिरतात आणि दसऱ्याला पुण्याहून गावी निघालेल्या पोरांसारखे प्रवाहाविरुद्ध जन्मगावाकडं चढत जातात. भाचा रीतसर परवाना काढून गळ टाकतो, पिंजरे लावून खेकडे धरतो. खेकड्याची मादी निघाली तर सोडायची, नर लहान निघाला तरी सोडायचा. कवच मोजायला जवळ पट्टी ठेवायची. फोनवर हे ऐकून गरीवाला म्हणाला, "आमच्याकडं पट्टी नसती बाबा. आई असती."

म्हणून त्याचा मासा डोहातून निघतो आणि शेजारच्या घरी जातो. शेजाऱ्याला कुठलाच वार नाही. संध्याकाळी त्या घरातून फोडणीचा वास येतो, वसमतच्या हळदीचा, लसणाचा. गरीवाला ओट्यावर बसून साबुदाणा खातो आणि मासा कुठं, कसा, किती ओढ देऊन आला ते भिंतीपलीकडं ओरडून सांगतो. प्रत्येक घासाला मासा थोडा थोडा वाढत जातो.

अखेर कार्तिकी एकादशी उलटते, द्वादशीचं पारणं होतं. वार बुधवार. आई स्वतः म्हणते, "जा, आण आज." बायको पाटा धुऊन ठेवते. गरीवाला दिवसभर बसतो; मोरपिसाचा देठ जागचा हलत नाही. रात्री रिकामी पिशवी खुंटीला अडकवताना तो कुणी विचारायच्या आधीच खुलासा करतो:

"चार महिने बिनघोर लागतात गरीला. आज एक नाही. त्यांच्यातबी कुणीतरी पंचांग वाचायलंय."