खासदार आमचा, कौल मुंबईचा

ये गो, अशी गडग्याजवळ ये. सासूबाई बाजारात गेल्यात ना? मग बोल मोकळेपणानं. माझे रातांबे फोडून होतील आणि तुझी शंकाही फिटेल. काल काय विचारत होतीस, तुमच्याकडे नेहमी कोण निवडून येतं? अगं, तुम्ही लातूरकरांनी शिवराज पाटलांना सात वेळा दिल्लीला धाडलंत, म्हणून तुला वाटतं सगळीकडे तसंच. आमच्याकडेही माणूस एकदा धरला की सहसा सोडत नाहीत. पक्षाचं मात्र काही विचारू नकोस.

माझ्याएवढं हे कुणाला ठाऊक असणार? माझं माहेर रत्नागिरी, सासर हे देवगड. आज एकच मतदारसंघ आहे, पण 2009 पर्यंत दोन होते. माहेर रत्नागिरी मतदारसंघात, सासर राजापूर मतदारसंघात. त्यामुळे निवडणूक आली की आमच्या घरात दोन खासदारांवरून भांडण.

सासरच्यांचा तोरा काय वर्णावा! "आमच्याकडून बॅरिस्टर नाथ पै गेले," इथूनच सुरुवात. खोटं नाही ते. वेंगुर्ल्याचा माणूस, विलायतेत शिकलेला, बायको ऑस्ट्रियातली, आणि बोलायला उभा राहिला की लोकसभा गप्प. 1957 ला समाजवाद्यांच्या झोपडी चिन्हावर निवडून आले, मग 62 ला, मग 67 ला. 57 चं एक वेळ समजू, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं. पण 62 ला राज्यभर काँग्रेसची सरशी असताना आमचे लोक झोपडीलाच चिकटून. जानेवारी 1971 मध्ये बेळगावला हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी भाषण केलं आणि त्याच रात्री गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

माहेरचं विचारतेस? तिथली गंमत तर आणखी न्यारी. त्याच 57 साली रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आसर निवडून आले. अख्ख्या देशातून जनसंघाचे चारच खासदार, त्यांतले एक वाजपेयी आणि एक आमच्या रत्नागिरीचे! माझे वडील सांगायचे, लोकांनी जनसंघ बघून नव्हे, संयुक्त महाराष्ट्र समितीकडे बघून पणतीला मत दिलं. पुढच्याच खेपेला काँग्रेसच्या शारदा मुखर्जी आल्या. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी, त्यांच्या पत्नी. दोनदा निवडून आल्या, पुढे राज्यपालही झाल्या.

हां, तर राजापूर. नाथ पै गेले आणि दोनच महिन्यांत निवडणूक लागली. उमेदवार कोण, तर मधु दंडवते. ते ना इथले, ना कोकणातले. नगरचा माणूस, मुंबईत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा. तरी निवडून आले, तेही इंदिराबाईंची लाट देशभर उसळलेली असताना. मग 77, 80, 84, 89. पाच वेळा गो! 71, 80 आणि 84, तिन्ही वेळा काँग्रेसची लाट घाट उतरून राजापुरात आलीच नाही. त्या एका माणसाला मत द्यायला आमच्या सासऱ्यांनी झोपडी, नांगरधारी शेतकरी आणि चक्र अशी तीन चिन्हं ओळखून ठेवली.

सासरे म्हणायचे, आमचा मतदार हुशार, लाटेत वाहत नाही. मी सून म्हणून गप्प बसायचे, पण मला ते कधी पटलं नाही. अगं, त्या काळात इथल्या घरोघरचा कर्ता पुरुष मुंबईला. गिरणीत, गोदीत, नाहीतर कुठल्या ऑफिसात शिपाई. तिथे त्याची युनियन, तिथले पुढारी समाजवादी नाहीतर लाल बावटेवाले. तो मे महिन्यात नाहीतर गणपतीला यायचा आणि मनीऑर्डरीबरोबर मतही त्याचंच चालायचं. बायका खळ्यात बसून ऐकायच्या आणि मतदानाला जाऊन तोच शिक्का मारायच्या. इथे फक्त पेट्या उघडायच्या.

पटत नाही? मग पुढचं ऐक. गिरण्यांचा 82 चा संप झाला, गिरण्या बसल्या, युनियनचा जोर ओसरला. चाळीच्या तोंडाशी शिवसेनेची शाखा आली. पोराला नोकरी हवी, शाखेत जा. नळाला पाणी नाही, शाखेत जा. मग गावाकडेही वारं फिरलं. 91 ला दंडवते पडले, काँग्रेसचे सुधीर सावंत आले, सैन्यातला माणूस. ती मधली पाच वर्षं. 96 ला इथे सुरेश प्रभू आणि माहेरी अनंत गीते, दोघे धनुष्यबाणावर एकदम! 2004 पर्यंत चारही निवडणुका दोघांच्या.

तेव्हा तर माहेर-सासर भांडणाला ऊतच आला. प्रभू वाजपेयींच्या सरकारात वीजमंत्री होते. चांगलं नाव झालेलं, सनदी लेखापाल माणूस. 2002 मध्ये बाळासाहेबांनी राजीनामा द्यायला सांगितला, यांनी देऊन टाकला. आणि ते खातं गेलं कुणाकडे? गीत्यांकडे! माझ्या भावानं फोन करून म्हटलं, "काय ताई, तुमची वीज आमच्याकडे आली." आमच्या ह्यांनी आठवडाभर भावाचं नाव काढू दिलं नाही.

दंडवत्यांचं मात्र मला अजून वाईट वाटतं. 77 ला रेल्वेमंत्री झाले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आणल्या. कोकण रेल्वेसाठी जन्मभर भांडले. 1990 ला जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि हे अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहिलं. आणि पुढच्याच वर्षी आम्ही त्यांना पाडलं! 98 च्या प्रजासत्ताक दिनी सगळ्या मार्गावर गाडी सुरू झाली, तोवर राजापुरात दंडवत्यांची जागा दुसऱ्यानं घेतली होती. आता त्याच गाडीनं येणारा चाकरमानी तिकीट मिळालं नाही म्हणून खासदाराला शिव्या घालतो. आपल्या देवगडला तर अजून स्टेशनच नाही, उतरायचं कणकवली नाहीतर नांदगावला.

2009 च्या निवडणुकीपासून मतदारसंघांची फेररचना लागू झाली आणि दोन्ही मतदारसंघांची नावं गेली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक झाला. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ यात, आणि गुहागर, दापोली रायगडात. म्हणजे दोन जिल्ह्यांना पूर्वी दोन खासदार होते, आता दीड. का? माणसंच कमी. तिकडे ठाण्याच्या जागा वाढल्या, इकडे आमची गेली. आमचीच पोरं तिकडे जाऊन तिकडचा आकडा फुगवतात! 2011 च्या जनगणनेत तर दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षाही कमी भरली.

नंतरचं तुला माहीतच असेल. 2009 ला काँग्रेसकडून नीलेश राणे, प्रभूंना 46 हजारांवर मतांनी पाडून. 2014 ला शिवसेनेच्या विनायक राऊतांनी त्यांना दीड लाखावर मतांनी पाडलं, 19 ला पावणेदोन लाखांवर. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणारची रिफायनरी, एवढ्या सभा, एवढी भाषणं, पण लढत तीच दोघांची. मग 24 ला खुद्द नीलेशचे वडील नारायण राणे उतरले, कमळ घेऊन, आणि राऊतांना 47 हजारांवर मतांनी हरवलं. ज्या राऊतांनी मुलाला दोनदा पाडलं, त्यांना शेवटी बापानं पाडलं. बरं, राणे मूळचे शिवसेनेचे, मुख्यमंत्री शिवसेनेचेच, मग काँग्रेस, मग स्वतःचा पक्ष, मग भाजप. माझे सासरे असते तर त्यांना आणखी किती चिन्हं पाठ करावी लागली असती!

त्या 7 मेला मतदानादिवशी खळ्यात आंब्याच्या पेट्या भरायचं काम चालू होतं. मुंबईहून माणसं आलेली, पण निम्म्यांची नावं तिकडच्याच यादीत. आले, आंबे खाल्ले, कोण येईल यावर पैजा लावल्या आणि गेले. म्हणजे मत तिकडे टाकायचं, वाद मात्र इथे घालायचा! आणि बायकांचं म्हणशील, तर आता आम्ही कुणाच्या सांगण्यावरून मत देत नाही हो. मी कुणाला दिलं ते ह्यांना अजून कळलेलं नाही. कळणारही नाही.

आता तू सांग, तुझं नाव अजून लातूरच्याच यादीत ना? तरी वाटलंच! उद्या मतदार यादीच्या बीएलओ बाई शाळेत बसणार आहेत, आधार कार्ड घेऊन ये, माझ्यासोबत चल. दीडाचा एक व्हायला नको असेल तर नावं तरी इथे लागायला हवीत. आणि तुझ्या नवऱ्याचं कुठे आहे, डोंबिवलीला? त्याला आज रात्री फोनवर विचार. पण सासूबाईंसमोर नको. त्यांनी त्याचं नाव इथल्या यादीतूनही काढू दिलेलं नाही, असं मी ऐकलंय. हे मात्र माझ्याकडून कळलं म्हणून सांगू नकोस हो!