पित्ताला खूण नाही

अण्णांना भीती वाटत नाही. त्यांना पित्त होतं. लिफ्टचं दार लागलं की पित्त, फोंडा घाटात वळण आलं की पित्त. एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं तेव्हा तर इतकं उसळलं की मशीन थांबवून त्यांना बाहेर ओढावं लागलं. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरजेत दुखण्यांची सोय उत्तम आहे. अण्णांनी तिचा पुरेपूर लाभ घेतला. कार्डिओग्राम काढला, पोटात दुर्बीण घातली, थायरॉइड पाहिलं. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी हळूच ‘मनाचं असेल’ म्हटल्याबरोबर अण्णांनी डॉक्टर बदलला. मिरजेत त्यासाठी फार तर रस्ता ओलांडावा लागतो.

आमची ट्रिप मालवणला गेली तेव्हा स्कूबासाठी सगळ्यांत आधी नाव दिलं ते अण्णांनीच. या जातीचा माणूस असाच ओळखावा. तो आधी हात वर करतो, आणि मोठ्यानं बोलतो.

“कृष्णा घाटावर पोहायला शिकलोय मी! आजोबांनी पाठीला भोपळा बांधून ढकललं होतं. आणि आम्हाला पाण्याचं काय सांगता? २०१६ साली अख्ख्या लातूरला मिरजेनं रेल्वेनं पाणी पाजलंय!”

लातूरचा इथं काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर अण्णांनी तोही सांगितला असता.

पाण्यात उतरण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. दमा आहे का, हृदयाचा त्रास, बंद जागेत घाबरायला होतं का? मिरजेत ज्यांची फाइल दोन्ही हातांनी उचलावी लागते, त्या अण्णांनी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं. माझ्या मते त्या फॉर्मवर बायकोची सही घ्यायला हवी. काकूंनी नुसतं वाचूनच “अगंबाई” म्हटलं होतं.

होडीत विशीतला एक मालवणी पोरगा होता. त्यानं अण्णांच्या कमरेला शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा बांधला. भोपळा बांधून तरंगायला शिकलेल्या माणसाला आता शिसं बांधून बुडवणार होते. नळकांड्यात ऑक्सिजन नसून आपली साधीच हवा दाबून भरलेली असते, हे ऐकून अण्णा खट्टू झाले. पोराचं सांगणं पुढे चालूच होतं. कान दडपले तर नाक चिमटून हळू फुंकायचं. पाण्याचा दाब तेहतीस फुटांवर दुप्पट होतो, पण कानाला तो पहिल्या काही फुटांतच जाणवायला लागतो. श्वास कधीही कोंडायचा नाही. कोंडून वर आलं तर फुफ्फुसातली हवा फुगते आणि इजा होते. अंगठा-तर्जनीचं कडं म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नाही, ‘वर चला’. पंजा आडवा धरून हलवला म्हणजे गडबड आहे.

अण्णा याच वेळी शेजारच्याला कृष्णेच्या पुराची उंची सांगत होते. एकीकडे डोळ्यांवरच्या काचेचा पट्टा तिसऱ्यांदा सैल करत होते. मग एकदम गप्प झाले.

“गप्प झाले,” काकू म्हणाल्या. “आता बघा.”

पोरानंही ते हेरलं होतं. “काका, तुमका भीती वाटता,” तो म्हणाला. “वाटाक व्हयी. नको असात तर थांबा, कोण काय म्हणाचा नाय.”

“छे हो! सकाळी पोहे जरा तेलकट होते.”

आणि अण्णा पाण्यात गेले. खाली काय झालं ते त्यांनी सांगितलेलं नाही. मी त्यांच्या मागोमाग उतरलो होतो म्हणून ठाऊक. दोरी धरून एखाद पुरुष खाली गेले असतील, तेवढ्यात बुडबुड्यांचा धडधडाट सुरू झाला. नदीत पोहणारा माणूस श्वास रोखून बुडी मारतो. ती जुनी सवय, आणि वर घाबरून घेतलेले तोकडे उथळ श्वास. असं झालं की आतली हवा धड बाहेर पडत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि हवाच मिळत नाही असं वाटायला लागतं. नळकांडं भरलेलं असतं, तरी माणूस तोंडातली नळी फेकून द्यायला निघतो. अण्णांचे डोळे काचेएवढे झाले. एक हात नळीकडे गेला.

पोरानं नळी त्यांच्या तोंडात तशीच दाबून धरली, दुसऱ्या हातानं त्यांचा दंड पकडला आणि कडं करून विचारलं: ठीक?

आता पंचाईत झाली. पाण्याखाली पित्ताला खूण नाही. तेलकट पोह्यांनाही नाही. तोंडात नळी, त्यामुळे लातूरही काढता येईना. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. पंजा आडवा धरला आणि हलवला.

पोरगा त्यांना घेऊन भसकन वर धावला नाही. त्यांचा हात दोरीवर ठेवला, त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःचं तोंड आणलं आणि लांबलचक बुडबुडे सोडून दाखवले. घ्यायचं राहू दे, आधी सोडा. अण्णांनी सोडले. पुन्हा सोडले. हळूहळू त्यांचे बुडबुडेही लांबले. त्यानं पुन्हा कडं केलं. यावेळी अण्णांनीही केलं, जरासं चेपलेलं. मग दोघं आणखी खाली गेले आणि पिवळ्या पट्ट्यांच्या माशांत चांगले रमले. काकू तिथं आधीच पोचल्या होत्या. त्यांना पाण्यात काहीच झालं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वर आल्यावर अण्णा म्हणाले, “मशीनमध्ये हवा कमी होती.” पोरानं काटा दाखवला, निम्म्याहून जास्त शिल्लक. “मग काटा बिघडलाय,” अण्णांनी निकाल दिला. पण जाताना त्याच्या हातात नोट कोंबली, ती आमच्या कुणाच्या नोटेपेक्षा मोठी होती.

या सगळ्याचा व्हिडिओ निघाला होता. मिरजेला आल्यावर अण्णांनी तो सतारमेकर गल्लीत, तंबोऱ्याच्या एका दुकानात बसून दाखवला. पंजा हलला तिथं थांबवून म्हणाले, “ही दाद देतोय.”

मिरजेत हे खपण्यासारखं होतं. दर्ग्याच्या उरुसात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालतं, तेव्हा समेवर असे किती पंजे हलतात.

“कुणाला दाद?” कारागिरानं विचारलं.

“माशांना. काय फिरत होते!”

कारागिरानं मोबाइल जवळ घेतला. “पण अण्णा, दाद देताना माणूस डोळे मिटतो. तुमचे हे एवढे उघडे?”

“खारं पाणी हो. झोंबतं.”

काचेच्या आत खारं पाणी कुठनं आलं, हे त्यानं विचारलं नाही. त्याला संध्याकाळपर्यंत दोन तंबोऱ्यांची जवारी काढायची होती.